वाट एकच, अडायच्या जागा वेगळ्या

मेळघाटातल्या कुठल्याही दोन ढान्यांमधली, म्हणजे आदिवासी वस्त्यांमधली, सहा किलोमीटरची पायवाट डोळ्यांसमोर आणा. मार्च-एप्रिलात पहाटे अंधारातच बाया मोहफुलं वेचायला तिच्यावरून जातात. ऊन चढायच्या आत गुराखी ढोरं घेऊन निघतो. वनरक्षक आणि वनमजूर गस्तीला त्याच वाटेवर असतात. आरोग्यसेविका लसीचा डबा घेऊन जाते, पोरं शाळेत जातात. थंडीत शनिवार-रविवारी अमरावती-अकोल्याकडचे ट्रेकर आणि पक्षी बघणारे येतात, मधूनच एखादा गिअरच्या सायकलवर. या सगळ्यांसाठी कुणी ॲप, नकाशा किंवा फलक करायला बसलं की पहिला रकाना हमखास ठरलेला: वाट सोपी, मध्यम की अवघड?

काम इथंच बिघडतं. वाट कधी सबंध अवघड नसते, ती एखाद्या जागी अडते, आणि प्रत्येकाची अडायची जागा वेगळी असते. चाकाची खुर्ची दहा सेंटिमीटरच्या पायरीपाशी थांबते. सायकल मुरमाच्या उतारावर घसरते. दुसरीतल्या पोराला जो नाला ओलांडता येत नाही, त्याचं पाणी त्याच्या बापाच्या पोटरीलाच लागतं. गुराख्याला चढाचं काही वाटत नाही, पण मे महिन्यात डोह आटला की त्याची वाट तिथं संपते. लसीच्या डब्यातल्या बर्फाला भीती असते ती उन्हात किती तास गेले याची, किलोमीटरची नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: वाटेला गुण देऊ नका. अडणाऱ्या जागा नोंदवा, मोजमाप आणि तारखेसकट. कोणाला कोणती जागा दाखवायची हे मागाहून ठरवता येतं. नोंदच चुकली असेल तर मागाहून काहीच करता येत नाही.

सरासरी काढायची सवय इथं फार घात करते. वाटेचा सरासरी चढ ३ टक्के असं ॲपनं सांगितलं आणि मध्येच एका जागी गुडघाभर दगडी टप्पा असला, तर खुर्चीवाल्यासाठी ती वाट शून्य आहे. चढाचे बहुतेक आकडे फुकट मिळणाऱ्या उंचीच्या नकाशांवरून काढलेले असतात. सन २००० मध्ये अवकाशयानातून रडारनं घेतलेली मोजमापं त्यांतली सगळ्यात जास्त वापरली जाणारी. त्यांत जमिनीचा एक चौकोन ३० मीटर लांब-रुंद असतो. त्या चौकोनात दहा सेंटिमीटरची पायरी दिसायचा प्रश्नच नाही. शिवाय सागाच्या आणि बांबूच्या दाट रानात रडारला बरेचदा जमिनीऐवजी झाडोऱ्याचा वरचा थर लागतो. त्यामुळे जंगलाची कड जिथं येते तिथं नकाशावर नसलेली टेकडी उभी राहते. चढाचा ढोबळ अंदाज त्यातून घ्यावा, निर्णय घेऊ नये. खुर्चीसाठी बघायच्या गोष्टी टेपनंच मोजाव्या लागतात: सगळ्यात अरुंद जागी रुंदी ९० सेंटिमीटरच्या खाली जाते का, समोरून दुसरी खुर्ची आली तर १८० सेंटिमीटर कुठं मिळतात, उतार १२ ला १ पेक्षा तीव्र कुठं होतो, आणि दम घ्यायला सपाट जागा किती अंतरावर आहे. चिखलदऱ्यात दरीच्या कडेनं जाणाऱ्या वाटा असोत की नरनाळा किल्ल्यावरच्या, म्हाताऱ्या माणसांसाठीही हेच चार आकडे उपयोगी पडतात.

मोजणीला तीन माणसं लागतात. एक मोजणारा, एक लिहिणारा, आणि एक त्या वाटेनं रोज जाणारा. तिसरा नसेल तर निघूच नये. नाला कोणत्या नक्षत्रात किती चढतो आणि उतरायला किती वेळ घेतो, हे त्यालाच माहीत असतं. सामान थोडंच: पाच मीटरचा टेप, दीड मीटरची काठी जिच्यावर दर दहा सेंटिमीटरला चिकटपट्टीची खूण आहे, फोन, पॉवर बँक, कागदी वही आणि पेन्सिल. पेन नको, पावसात शाई उतरते. वाटेचे तुकडे अंतरावर पाडू नयेत, जमीन बदलली की तुकडा बदलावा. धुऱ्यावरची काळी माती संपून मुरूम लागला, नवा तुकडा. मुरूम संपून नाल्यातले गोटे लागले, नवा तुकडा. अडणाऱ्या जागेपाशी थांबून सहा गोष्टी लिहायच्या: काय आहे, किती सेंटिमीटर, कोणत्या महिन्यांत अडतं, आज तारीख काय, कोण अडेल, आणि वळसा आहे का. फोटो दोन, जातानाच्या दिशेनं एक आणि येतानाच्या दिशेनं एक. परतीला तीच वाट वेगळी दिसते, आणि माणसं चुकतात ती बहुधा परतीलाच.

ही फेरी वर्षात दोनदा झाली पाहिजे. एकदा मृग लागायच्या आधी, एकदा भाद्रपद-अश्विनात. मधल्या काळात वाट इतकी बदलते की एकाच मोजणीवर केलेला नकाशा अर्धं वर्ष खोटा ठरतो. अश्विनात गवत डोक्याइतकं होतं, रायमुनिया (घाणेरी) दोन्ही बाजूंनी वाटेवर येते आणि वाट पायाखाली असूनही दिसत नाही. मार्च-एप्रिलात सागाची पानं इतकी गळतात की सगळी जमीन सारखीच तपकिरी होते, आणि वाट पुन्हा हरवते, पण आता वेगळ्या जागी. फोटोही म्हणून दोन्ही ऋतूंतले हवेत. उन्हाळ्यातला फोटो बघून ऑक्टोबरात कुणी वळणाची खूण शोधू लागलं तर ती खूण गवतात बुडालेली असते.

फोनमधलं जीपीएस कुठं फसवतं हे माहीत असलं की अर्धा त्रास वाचतो. रेंज असताना फोन उपग्रहांच्या जागांची माहिती इंटरनेटवरून चटकन घेतो. रेंज नसली की ती त्याला थेट उपग्रहाकडूनच ऐकावी लागते. एकेका उपग्रहाचं ते प्रसारण ३० सेकंदांचं असतं, आणि मध्येच झाड आडवं आलं तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून दाट रानात शिरून लोकेशन सुरू केलं तर पाच-दहा मिनिटं ठिपका लागतच नाही. गावाबाहेरच्या मोकळ्या पडीक जागेत सुरू करावं, ठिपका स्थिर झाला की मग आत जावं. ओल्या पानांखाली अचूकता आणखी घसरते, त्यामुळे एप्रिलातल्या उघड्या सागवनात जी वाट सरळ नोंदली जाते तीच सप्टेंबरात वीस-तीस मीटर इकडेतिकडे होते. महत्त्वाच्या जागी एक-दोन मिनिटं उभं राहून नोंद घ्यावी, चालता चालता नाही.

दुसरा घोळ बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगचा. स्क्रीन बंद झाली की स्वस्तातले बरेच फोन मागे चालणारं ॲप गुपचूप बंद करतात. घरी येऊन बघितलं तर नकाशावर दरी ओलांडून एक सरळ रेघ. अशी रेघ दिसली की ती वाट नाही, नोंद तुटली आहे. ॲप करणाऱ्यानं अशी रेघ जोडूच नये, तुटक दाखवावी. आणि पहिल्यांदा ॲप उघडल्यावर ते सेटिंग कसं बदलायचं हे मराठीत, त्या फोनच्या मेनूतल्याच शब्दांत सांगावं.

तिसरा घोळ आकडे सांगण्याचा, आणि हा जिवावर बेततो. चिखलदरा साधारण २१.४० अंश उत्तरेला आहे. कुणी फोनवर ‘एकवीस पॉइंट चाळीस’ सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं २१ अंश ४० मिनिटं लिहून घेतलं, तर शोधणारी माणसं जवळजवळ ३० किलोमीटर उत्तरेला जातील. अंशाचे चार दशांश म्हणजे सुमारे ११ मीटर, पाच म्हणजे सुमारे १ मीटर. फोनची स्वतःची चूकच पाच मीटरच्या पुढं असताना सात-आठ दशांश दाखवून सांगणाऱ्याची जीभ दमवू नये. चार पुरे. त्याहून चांगलं म्हणजे स्क्रीनवर कक्ष क्रमांक दाखवणं. कक्ष म्हणजे वनखात्यानं पाडलेला जंगलाचा नंबर दिलेला तुकडा, आणि बीट म्हणजे एका वनरक्षकाकडचा भाग. वनखात्याची माणसं जंगल ओळखतात ती बीट आणि कक्षावरून. हद्दीच्या मुनाऱ्यावर तोच नंबर असतो. ‘कक्ष अमुक, नाल्याच्या वरच्या अंगाला’ एवढं ऐकलं की वनमजूर थेट तिथं पोचतो, त्याला अक्षांश उलगडत बसावं लागत नाही.

म्हणूनच वाटेवरचा नंबर लिहिलेला खांब हे मला कुठल्याही ॲपपेक्षा मोलाचं तंत्रज्ञान वाटतं. त्याला चार्जिंग लागत नाही. साधा बटणाचा फोन असलेला माणूसही ११२ वर किंवा वनविभागाच्या १९२६ वर ‘खांब नंबर ४०’ सांगू शकतो. मात्र तो खांब टिकला पाहिजे, आणि आपल्याकडे टिकणं सोपं नाही. लाकडी खांब उधई (वाळवी) दोन पावसाळ्यांत पोखरते. प्लॅस्टिकच्या पाट्या वणव्यात वितळतात. ॲल्युमिनियमची पाटी भंगारात जाते. अस्वल नखं घासतं, रानडुक्कर अंग घासतं, वानरं हलणारी प्रत्येक वस्तू उपटून बघतात. त्यामुळे दहा बाय दहा सेंटिमीटरचा, दीड मीटर उंचीचा सिमेंटचा खांब ओतावा आणि ओततानाच नंबर दोन्ही बाजूंनी खोल उमटवावा. रंग उडाला तरी बोटानं वाचता येतो, अंधारातही. मुरमाच्या जमिनीत ४५ सेंटिमीटर पुरला की पुरे. शेताजवळच्या काळ्या मातीत मात्र ६० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन भोवती मुरूमच ठोकून भरावा. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि नुसता पुरलेला खांब पुढच्या जूनपर्यंत कलंडलेला असतो. नंबर १, २, ३ असे न देता १०, २०, ३० असे द्यावेत. पुढं मध्ये खांब वाढला तर २५ देता येतो, सगळे बदलावे लागत नाहीत.

रंगाचा विचारही जंगल बघूनच करावा लागतो. भगवी खूण फाल्गुनात पळस फुलला की हरवते, सगळं रानच त्या रंगाचं होतं. लाल रंग संध्याकाळी काळा दिसतो, आणि ज्यांना लाल-हिरवं वेगळं ओळखू येत नाही त्यांना हिरव्या पानांत तो दिसतच नाही. पांढरी खूण कडईच्या पांढऱ्या खोडांत मिसळते, चांदण्यात तर विशेष. निळा रंग रानात सहसा नसतो. पिवळ्या पट्ट्यावर निळा बाण सर्व ऋतूंत उठून दिसतो, नजर अधू असलेल्यालाही. बाणाचं टोक रुंद ठेवावं. बारीक टोक चिखलाच्या शिंतोड्यानं झाकलं गेलं की बाण उलटा वाटतो.

खांबावर क्यूआर कोड लावायचा असेल तर त्यात संकेतस्थळाचा पत्ता घालू नका, तिथं रेंज नाही. सरळ मजकूरच घाला: खांब नंबर, कक्ष, अक्षांश-रेखांश, फोन नंबर. मजकूर जितका जास्त तितके ठिपके बारीक, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा घेतं, म्हणून त्रोटक लिहावं. चूक सुधारण्याची सगळ्यात वरची पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब होऊनही कोड वाचता येतो. एक मीटरवरून वाचायचा तर दहा सेंटिमीटरचा हवा.

पाणी ही नोंद सगळ्यात जास्त फसवी. नकाशावर निळा थेंब एकच, पण त्याचे अर्थ तीन. गावची हापशी म्हणजे माणसाचं पाणी. नाल्यातला डोह म्हणजे ढोरांचं. रानातला पाणवठा म्हणजे वन्यप्राण्यांचं, आणि उन्हाळ्यात तिथं वाघ-अस्वल येणार हे धरूनच चालावं. ट्रेकरला थेंब दिसला की तो पाणवठ्यावर डबा सोडून बसतो. म्हणून तीन चित्रं वेगळी हवीत: हापशीचं चित्र, गाईचं चित्र, आणि पाणवठ्यासाठी लाल कडेचं ‘थांबू नका’. गुराख्याला डोह कोणत्या महिन्यापर्यंत असतो ते हवं, गस्तीच्या पथकाला पाणवठ्यात टँकरचं पाणी शेवटचं कधी टाकलं ते. जागा एकच असली तरी प्रत्येकासाठी उत्तर वेगळं निघतं, आणि हे साधतं ते नोंद करताना ‘पाणी: आहे/नाही’ एवढ्यावर न थांबल्यामुळेच.

सावलीही तशीच नोंदवावी. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि त्याच वेळी साग उघडा असतो. ‘जंगलातली वाट’ म्हणजे सावलीतली वाट नव्हे. नाल्याकाठची जांभूळ, करंज, अर्जुन, उंबर ही झाडं हिरवी असतात. सकाळी ११ ते ४ या वेळेत कोणत्या तुकड्यात सलग सावली मिळते हे लिहून ठेवलं तर आरोग्यसेविकेला लसीचा डबा कुठं टेकवायचा ते कळतं.

नाल्याच्या ओलांडणीवर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रपट्याच्या (पूर वरून जाऊ देणाऱ्या ठेंगण्या पुलाच्या) कडेच्या दगडावर किंवा खांबावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची आडवी रेघ. पोरांसाठी २० सेंटिमीटरला पिवळी, मोठ्यांसाठी ४० ला लाल. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की दणकट माणसाचाही पाय उचलला जातो, आणि गढूळ पाण्यात खालचे गोटे दिसत नाहीत. शून्य रेघ रपट्याच्या वरच्या पातळीशी जुळवलेली असावी, नाल्याच्या तळाशी नाही. इथं हमखास चूक होते. तळ दरवर्षी गाळानं वर-खाली होतो.

वेळेचा अंदाज देताना जुना स्कॉटिश नियम बरेचदा वापरला जातो. नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकानं १८९२ मध्ये सांगितलेला: ५ किलोमीटरला एक तास, आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आठ किलोमीटर आणि ४५० मीटर चढ असेल तर २ तास २१ मिनिटं. हा हिशेब थंड हवेतल्या, पाठीवर फारसं ओझं नसलेल्या माणसाचा आहे. डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईला, कडेवर मूल असलेल्या आईला तो लागू होत नाही. वापरणाऱ्याला ‘तुमची तंदुरुस्ती किती’ असं विचारण्यात अर्थ नाही. पहिला किलोमीटर चालू द्यावा, लागलेला वेळ बघावा आणि पुढचा अंदाज त्या प्रमाणात वाढवावा. पहिल्या किलोमीटरला दीडपट वेळ लागला तर वरचा आकडा साडेतीन तास होतो. आणि सूर्यास्त त्याआधी असेल तर ते तिथंच, मागं फिरणं शक्य असताना सांगावं.

आता ज्यांना नकाशाची गरजच नाही त्यांच्याबद्दल. मोह वेचणारी बाई ती वाट डोळे मिटून चालते. तिचे दोन्ही हात टोपलीत असतात, कंबर वाकलेली असते, फोन असला तर घरी चार्जिंगला असतो. तिला वाट कोणती हे सांगण्यात काय हशील? तिला हवं असतं ते आदल्या रात्री: उद्या कोणत्या अंगाला वाघाची किंवा पिल्लांवाल्या अस्वलीची चाहूल आहे. त्यासाठी वीस सेकंदांचा आवाजी निरोप, तोही वऱ्हाडी, कोरकू किंवा गोंडीत, गावातल्याच माणसाच्या आवाजात. मध्यम दर्जाच्या ध्वनिमुद्रणात असा निरोप ४० केबीत बसतो, एक काडी रेंजवरही जातो. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांत प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत, त्यांच्याकडून तो निघावा आणि मंदिराच्या भोंग्यावरही वाजावा. लिहिलेल्या सूचनेपेक्षा ओळखीचा आवाज लोक ऐकतात. बोललेलं आपोआप लिहून घेणाऱ्या सोयीवर इथं विसंबू नये. वऱ्हाडीतलं ‘जाऊन राह्यलो’ आणि ‘कुठी’ तिला नीट कळेलच असं नाही, आणि बरेचदा तिला इंटरनेटही लागतं. आवाज साठवून रेंज आल्यावर पाठवणं जास्त भरवशाचं.

इशारा कसा वाजावा यातही भेद आहे. अस्वल असलेल्या भागात गुराख्याला मोठा आवाज बरा, कारण अस्वल दचकून अंगावर येण्यापेक्षा आधीच लांब गेलेलं बरं. गस्तीवरच्या पथकाला आवाज मुळीच नको, फक्त थरथर. पक्षी बघणाऱ्याला दोन्ही नको, स्क्रीनवरची ओळ पुरे. ही निवड ॲप पहिल्यांदा उघडतानाच विचारावी आणि नंतर एका बोटानं बदलता यावी.

रेंज नसलेल्या भागात निरोप पाठवायचे तर आधी ‘रेंजच्या जागा’ नकाशावर आणा. प्रत्येक गावाला माहीत असतं, कोणत्या टेकाडावर कोणत्या कंपनीची काडी येते. कंपनीच्या नावासकट ती जागा नोंदवली तर जखमी माणसाजवळ थांबायचं की धावत कुठं जायचं हे ठरवता येतं. फोन लागत नाही तिथं साधा एसएमएस बरेचदा जातो. पण देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हंच मावतात, काना-मात्रा धरून. रोमन अक्षरांत १६०. लांब झाला की तो तुकड्यांत जातो आणि दुसरा तुकडा मागे राहू शकतो. म्हणून खांब नंबर सगळ्यात आधी, मग काय झालं, मग किती माणसं.

उपग्रहावरून निरोप पाठवणारी छोटी यंत्रं परदेशी ट्रेकर सर्रास वापरतात, ती बघून इथं मागवू नका. भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ती बाळगता येत नाहीत, गुन्हा दाखल होतो. त्याऐवजी लोरा नावाचे कमी शक्तीचे रेडिओ आहेत. त्यांच्यासाठी आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा, ठरलेल्या शक्तीच्या आत, वेगळ्या परवान्याविना खुला आहे. जंगलात कुठलंही यंत्र बसवायला मात्र वनविभागाची लेखी परवानगी लागते. यात दोन चुका नेहमी होतात. यंत्राबरोबर दुसऱ्याच पट्ट्याची अँटेना येते आणि पल्ला दोन-चारशे मीटरवर येतो. या पट्ट्याला पाव तरंगलांबीची तार सुमारे साडेआठ सेंटिमीटर भरते, तेवढी मोजून बघावी. आणि अँटेना न लावता यंत्र चालू केलं की त्याचा प्रक्षेपक जळू शकतो.

लांबच्या पल्ल्यासाठी लोराचा सगळ्यात सावकाश वेग ठेवला तर भारतातल्या ठरीव मापात एका निरोपाला ५१ बाइटच मिळतात. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. ‘अस्वल दिसलं’ एवढंच लिहिलं तरी ३१ बाइट गेले. म्हणून निरोप आकड्यांत ठेवावा: खांब ४०, संकेत ३. घेणाऱ्या फोननं त्याचं मराठी वाक्य करून दाखवावं, पाहिजे तर कोरकूत. संकेत दहाच्या वर नेऊ नयेत, घाईत कुणाला आठवत नाहीत. यंत्राला वीज देणाऱ्या सौर पट्टीचा हिशेब करताना उष्णता विसरू नका. उन्हात पट्टी ६५ अंशांपर्यंत तापते, आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते, म्हणजे १६ टक्के कमी. बॅटरीचा डबा पट्टीच्या सावलीत, पण तिला चिकटून नको, मध्ये चार बोटं हवा खेळू द्यावी. तारांच्या भोकांना सिलिकॉन लावा, नाहीतर मुंग्या आत घर करतात.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती माहिती उघडी पडण्याची. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांवरच्या धावायच्या वाटा जगाला दिसल्या. तेच इथं गस्तीच्या वाटांचं होऊ शकतं. पथक कोणत्या वारी, किती वाजता कुठून जातं हे शिकाऱ्याला समजलं तर तो उरलेले वार मोकळे धरतो. वनखात्याकडे गस्तीच्या नोंदीसाठी २०१० पासून एम-स्ट्राइप्स ही वेगळी व्यवस्था आहे. गस्तीची नोंद तिथंच राहावी, सार्वजनिक नकाशात कधीच येऊ नये. तसंच मोहाची चांगली झाडं, चारोळी, मध, औषधी मुळ्या यांच्या जागा गावाच्या आहेत. गावाचा जंगलावरचा हक्क मानणारा वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर अनेक गावांनी मिळवला. अशा गावच्या शिवारातल्या कोणत्या वाटा जगाला दाखवायच्या हे ग्रामसभेनं ठरवावं. ॲप करणाऱ्यानं विचारलं पाहिजे, आणि ‘नाही’ म्हटलेली वाट पुसली पाहिजे.

व्यवहारात तीन कप्पे करावेत: सगळ्यांचा, गावाचा आणि गस्तीचा. प्राणी दिसल्याची नोंद सगळ्यांच्या कप्प्यात जाताना अक्षांश-रेखांश दोनच दशांशांपर्यंत ठेवावेत, म्हणजे जागा किलोमीटरभर धूसर होते, आणि ती एक दिवस उशिरानं दिसावी. गावाच्या कप्प्यात मात्र लगेच आणि नेमकी. फोटोच्या आत दडलेलं लोकेशन चढवतानाच काढून टाकावं. लोकांनीच मिळून भरलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर वाट चढवत असाल तर प्रवेशाची खूण न विसरता भरा. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात परवानगीशिवाय पायी जाता येत नाही, आणि ती खूण रिकामी राहिली तर दुसऱ्या कुठल्या ॲपचा रस्ता शोधणारा भाग पर्यटकाला सरळ तिथून नेईल.

स्क्रीनबद्दल थोडकंच. मे महिन्यात उन्हात धरलेला फोन तापून स्वतःच उजेड कमी करतो, मग पांढऱ्यावर करडी अक्षरं वाचणं अशक्य. काळ्यावर पिवळी किंवा पांढऱ्यावर ठळक काळी ठेवावीत, आकार मोठा. फोन दुपट्ट्यात गुंडाळून पिशवीत ठेवायला सांगावं, तापलेला असताना चार्जिंगला लावला तर तो चार्ज होत नाही. भेगाळलेल्या, कोरड्या बोटांना स्क्रीन नीट दाद देत नाही, घामेजल्या बोटांना भलतीच देते. बटणं निदान सव्वा सेंटिमीटरची आणि एकमेकांपासून लांब ठेवावीत. जोडाक्षरं तुटून ‘रस्‌ता’ असं दिसत नाही ना, हे जुन्या फोनवर तपासावं. गावांची नावं शोधताना मराठी, कोरकू आणि महसुली नोंदीतलं, तिन्ही चालली पाहिजेत. तंबूचं चित्र गावात कुणाला मुक्कामाचं वाटत नाही. थेंबाचं चित्र अनेकांना पावसाचं वाटतं.

तपासणी दुपारी दोन वाजता, वाटेवर करावी. गुराख्याच्या हातात फोन द्यावा आणि एकच विचारावं: इथून मदत मागायची तर काय सांगाल? तो खांबाचा नंबर कुठं शोधतो, फोनवर की खांबावर, हे बघावं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं नाही तर ते पान पुन्हा करावं. हेच शाळेतल्या पोराकडून, कानानं कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्याकडून आणि नवख्या ट्रेकरकडून करून घ्यावं. डोळ्यांनी न दिसणाऱ्यासाठी फोनवरून ‘डावीकडे दोन पावलं’ असं सांगायचा मोह आवरावा. जीपीएसची चूक वाटेच्या रुंदीपेक्षा मोठी आहे. त्याला हवी असते कंबरेच्या उंचीची ताणलेली दोरी आणि वळणाआधी तिच्यात मारलेली गाठ. एक गाठ वळण, दोन गाठी पायरी.

आणि प्रत्येक नोंदीचं वय दिसलं पाहिजे. साठ दिवसांत कुणी खात्री केली नाही की रंग करडा व्हावा. पाण्याच्या नोंदीत तर क्रियापदही बदलावं. जानेवारीत भरलेली नोंद एप्रिलात कुणी उघडली तर तिथं ‘पाणी आहे’ असं येऊ नये. ‘१२ जानेवारीला पाणी होतं’ असं यावं.